अमेरिकेतली बाई आणि आमची वहिनी

माझा मोठा भाऊ गोळीबारात गेला तेव्हा वहिनी पंचविशीचीही नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तो नव्हताच. फोर्टातल्या कचेरीतून घरी यायला निघाला आणि मध्येच सापडला. पण आमच्या गिरगावच्या चाळीने त्याला हुतात्मा केलं ते केलंच. फोटोला हार, फोटोशेजारी खुर्ची, खुर्चीत वहिनी. सभा लालबागला असो, परळला असो, गाडी पाठवून तिला न्यायचे आणि स्टेजवर बसवायचे. चाळीच्या कमिटीने हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेली पांढरी साडी नेसूनच तिने यावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. लोक वाईट नव्हते हो. प्रेमानेच करायचे सगळं. त्या प्रेमाचाच मला संताप यायचा, अजून येतो.

वहिनी लग्नाआधीपासून कविता करायची. मासिकात दोन-तीन छापून आल्या होत्या, त्या भाऊ कचेरीत दाखवत फिरायचा. तो गेला आणि तिचं लिहिणं थांबलं. लिहिणंच काय, बोलणंही. दुपारी तांदूळ निवडायला बसायची, तासाभराने बघावं तर ताट तसंच. आई मला म्हणाली, "हिला काहीतरी वाचून दाखव गं, नाहीतर ही पोर हातची जाईल."

मी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं. फोर्टातल्या अमेरिकन वाचनालयातून मी तिकडच्या एका कवयित्रीचं पुस्तक आणलं. हयात होती ती, वहिनीहून दहा-बारा वर्षांनी मोठी. वेष्टनावर आणि तिकडच्या एका मासिकात तिची हकिगत होती, ती मी रोज थोडी थोडी मराठीत सांगायचे. बाप लाकडाच्या वखारीत कामाला. नवरा महायुद्धात गेला, पदरात लहान मुलगी. मग कितीतरी वर्षं एक ओळ नाही. शाळेत शिकवायचं, घरी यायचं, दार लावून घ्यायचं. आणि एके दिवशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कविता झाली, नवऱ्याच्या बुटांवर. मासिकांनी ती परत पाठवली, बाईने पुन्हा धाडली. शेवटी एका लहानशा छापखान्याने पातळसं पुस्तक काढलं, त्याला बक्षीस मिळालं, आणि आता मोठमोठी कॉलेजं तिला कविता वाचायला बोलावत होती.

वहिनीचे प्रश्न भलतेच. "मुलीला कोण सांभाळायचं? सासू होती का? फोटोत लिपस्टिक लावलीय, कुणी काही बोललं नाही?"

"मला काय ठाऊक बाई! मी काय तिच्या शेजारच्या खोलीत राहते?"

वहिनी हसली. आई हातातली पळी तशीच घेऊन बघायला आली.

त्या बाईच्या कविता अगदी साध्या. एक ओळ, मग मोकळी जागा, मग दुसरी ओळ. मासिकात लिहिलं होतं, की वाचताना ती त्या मोकळ्या जागेत थांबते, चांगली थांबते, आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते.

"ती थांबते आणि लोक वाट बघतात?" वहिनीने विचारलं.

"बघतात."

"मग मला जमेल."

आणि लिहिलंन हो तिने! कविता भावावर होती. चुलीपाशी बसून मला वाचून दाखवली, थांबत थांबत. मी रडले, आणि रडता रडता वाटलं, वहिनी परत आली.

चाळीतल्या स्मृतिसभेत ती वाचायचं ठरलं. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "कविता? वा, वा. जोश आहे ना तिच्यात?" पोवाडे झाले, भाषणं झाली, मग वहिनी माइकपाशी उभी राहिली. पहिली ओळ म्हणाली: त्या सकाळी निघताना त्याने मला विचारलं. आणि थांबली.

आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. हुतात्म्याच्या घरचं माणूस बोलता बोलता अडखळलं, की त्याला एकटं पडू द्यायचं नाही. गर्दीतून कुणीतरी ललकारी द्यायची, सगळ्यांनी 'अमर रहे' म्हणायचं, तेवढ्यात ते माणूस डोळे पुसून सावरतं. चांगलीच रीत होती. वहिनी थांबली मात्र, मागून आवाज आला, "हुतात्मा..." आणि अख्खं पटांगण गरजलं, "अमर रहे!"

ती वाट बघत राहिली. शांत झाल्यावर तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा थांबली. पुन्हा "अमर रहे!" मी खालून ओरडत होते, "अहो गप्प बसा, कविता आहे ती!" कोण ऐकतंय? तिसऱ्या खेपेला सेक्रेटरी स्वतःचेच डोळे पुसत पुढे आले. दोघी स्वयंसेविकांनी वहिनीला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि शाहिराने डफावर थाप मारली.

पुढची ओळ होती: येताना बोंबील आणू का? कुणी ऐकलीच नाही. सभा संपल्यावर बायका तिचे हात धरून रडत होत्या. "किती गं भरून आलं तुला!" वहिनी प्रत्येकीला हो म्हणत होती.

त्यानंतर तिने लिहायला कागद घेतला नाही. अमेरिकेतल्या बाईचं नवं पुस्तक आलं, तेही मी वाचून दाखवलं. वहिनीने ऐकून घेतलं. "छान आहे," म्हणाली आणि कणीक मळायला उठली. त्या बाईला पुढे कॉलेजात नोकरी मिळाली, आणखी एक पुस्तक आलं, नव्या फोटोत चार केस पिकलेले दिसले. तिचं भलं झालेलं मला बघवेना. तिचा काय दोष? पण नाही बघवलं.

मग मुंबईसह महाराष्ट्र झाला. गिरगावभर रोषणाई, पेढे, ढोलताशे. आमच्या चाळीपुढे स्टेज, त्यावर फोटो आणि वहिनी. मी तिला निघतानाच म्हटलं होतं, "कविता तोंडपाठ आहे ना? आज म्हण. आज लोक खुशीत आहेत, आज ऐकतील." तिने पदर सारखा केला. मी मात्र पुढच्या रांगेत जाऊन बसले, आणि बाजूच्या चार बायकांना बजावून ठेवलं, की ती थांबली तर कुणी तोंड उघडायचं नाही.

"ताईंनी दोन शब्द बोलावे," सेक्रेटरी म्हणाले. वहिनी उठली. माइकपाशी आली, समोर बघितलं. मग मूठ वर करून एवढ्या जोरात ओरडली, "हुतात्मा..."

अख्खी गल्ली दणाणली. "बाई खंबीर हो!" माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. वहिनीने नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून सरळ घराकडे निघाली.

जिन्यात मी तिला गाठलं. "अगं, म्हणाली का नाहीस?"

"आपणच आधी ओरडलं ना," वहिनी म्हणाली, "की लवकर घरी सोडतात."