बेसिनातली बाग

दौलतराव भोईर आनंदनगरच्या पंपाच्या कारखान्यात माल तपासायचे. रिटायर झाले आणि घरातला माल तपासायला लागले.

सून शलाकाने हेंद्रेपाड्याच्या फ्लॅटमध्ये सक्युलंटची रोपं आणली. बोटाएवढी, जाड पानांची, कोबीच्या पिल्लांसारखी. "बाबा, कुंड्या तेवढ्या तुम्ही बघा," ती म्हणाली आणि फसली.

पहिल्या कुंड्या चिनी मातीच्या, मांजराच्या तोंडाच्या. खाली भोकच नाही. पाणी साचून रोपं कुजली. प्लास्टिकच्या उन्हात वाकल्या. मातीच्या बऱ्या होत्या, पण खोल. "एवढ्याशा मुळाला विहीर कशाला?" म्हणून त्याही परत.

"मला बरं पास केलंत लग्नात!" त्यांच्या पत्नी विठाबाई वैतागल्या.

"तेव्हा मी पॅकिंगला होतो."

त्या आठवड्यात घरात मासळी शिजली नाही.

शेवटी उल्हासनगरला एका सॅनिटरीच्या दुकानाबाहेर त्यांना हवं ते दिसलं. रुंद, उथळ, वजनदार, मधोमध भोक.

"साईं, ये तो बेसिन है. कोना भी टूटा है," सिंधी दुकानदार म्हणाला.

दौलतरावांनी टिचकी मारली, उलटं करून पाहिलं. "चलेगा. ओके माल."

भोकावर खापरीचे तुकडे, वर वाळू मिसळलेली माती, आणि बेसिन गॅलरीत स्टुलावर. रोपं अशी टरारली की शलाकाचा मोबाइल फोटोंनी भरला.

मग एका रविवारी विठाबाईंचे धाकटे भाऊ अण्णा जेवायला आले. जेवण झाल्यावर तोंडात पाणी घेऊन ते चूळ भरायला गॅलरीकडे वळले. बेसिनावर वाकले आणि नळ शोधू लागले.

"अण्णा, गिळा!" दौलतराव किंचाळले.

अण्णा दचकले. अख्खी चूळ रोपांवर.

"बेसिनात नाही तर काय तुमच्या डोक्यावर थुंकू?"

"ती कुंडी आहे!"

विठाबाई हसून हसून खालीच बसल्या. दौलतराव कापसाने एकेक पान पुसत राहिले. थोड्या वेळाने ओशाळलेले अण्णाही कापूस घेऊन शेजारी बसले. "हे पिल्लू जगेल ना हो, दाजी?"

सगळी जगली. महिन्याभराने अण्णांचा फोन आला.

"दाजी, आमचं बाथरूम नवीन केलं. जुनं भांडं निघालंय. रुंद आहे, भोकही चांगलं मोठं. आणू?"

"कसलं भांडं?"

अण्णा जरा घुटमळले. "तुम्ही आधी बघा तरी..."

विठाबाईंनी फोन हिसकावला. "घेऊन तर ये, दारातच फोडते!"

दौलतराव हळूच म्हणाले, "खोली किती आहे, तेवढं विचार की."