हळदीचा गड्डा आणि कमळाबाई टीचर

कमळाबाई टीचर वर्गात कधी रिकाम्या हाताने आल्या नाहीत. आधी पिशवीतल्या ओल्या मातीचा वास यायचा, मग त्यांचा आवाज. मी जन्मांध, म्हणून त्या आल्याचं मला वासानेच कळे.

तंजावरच्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला मला बाहेर बसवत. "आकृत्या काढायच्या असतात," मुख्याध्यापिका म्हणत. पापनाशमहून रोज बसने येणाऱ्या कमळाबाईंनी पहिल्याच दिवशी मला आत आणलं. त्याही आमच्यासारख्या मराठी घरातल्या. वर्गात तमिळ, माझ्याशी मात्र घरची मराठी.

"डोळे नाहीत, सरी, बरं. बोटं कोठे गेली ग?"

त्यांनी भाताचं रोप माझ्या हातात दिलं. मुळांचा झुबका कुरवाळायला लावला. "हीच पाणी पितात, हीच रोपाला धरून ठेवतात." जास्वंदीच्या फांदीला सकाळीच पिशवी बांधून ठेवली होती, दुपारी आत हात घातला तर बोटं ओली झाली. "पान नुसतं अन्न शिजवत नाही, वाफही सोडतं." फुलाच्या तळाशी नखाने चीर पाडली तेव्हा बारीक मणी लागले. "ह्यांच्या बिया व्हायच्या."

प्रात्यक्षिक परीक्षा मला हाताने चाचपून देऊ द्यावी, असा अर्ज त्यांनी केला. शिक्षण कार्यालयाने तोंडीच नकार दिला. "नाही म्हणायचं तर कागदावर म्हणा," एवढंच बोलून त्या तिथल्या बाकावर बसल्या. चार वेळा गेल्या. नकार लिहून द्यायला कोणी धजेना. शेवटी परवानगीच लिहून दिली.

परीक्षक बाहेरचे होते. त्यांनी माझ्या तळहातावर हळदीचा ओला गड्डा ठेवला. "मूळ की खोड?"

सोप्या प्रश्नात डाव होता. मी अंगठा फिरवला. आडवी वलयं लागली, वाळलेली खवलं लागली, कडेला टोकदार कोंब लागला.

"खोड, सर. मातीत वाढलं तरी खोडच. मुळाला असे डोळे नसतात."

त्यांचं पेन कागदावर फिरल्याचं ऐकू आलं. मी पास झाले.

पुढच्याच महिन्यात टीचरांची बदली झाली. मी बसस्टँडवर गेले आणि रडू लागले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"रडणं मागून. आठवीत सेल्वी म्हणून पोर आहे, तिलाही दिसत नाही. उद्यापासून तिला तू शिकवायचं."

"मजला जमेल, टीचर?"

"मी विचारलं का तुजला?"

बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी वाटेत मी एक रोप मुळासकट उपटलं आणि आठवीचा वर्ग विचारत निघाले.