आदल्या दिवशी पोचणारा माणूस

जगात वेळेवर पोचणारी माणसं पुष्कळ असतील, पण आदल्या दिवशी पोचणारा माणूस मी एकच पाहिला आहे आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं प्राक्तन. मी त्यांना दादा म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात, कारण अमरावतीच्या एका शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. दादांचं शेत तेल्हाऱ्याकडे, घर अकोल्याच्या जुन्या शहरात, आणि जीव मात्र कायम पुढच्या गावी जाऊन बसलेला. आमच्याकडे संध्याकाळच्या जेवणाला बोलावलं तर ते सकाळच्या चहाला हजर होतात आणि आंघोळीला गरम पाणी आहे का विचारतात. दाढी करायला ते न्हाव्याचं दुकान उघडायच्या आधी जातात आणि शटर वर करायला त्यालाच हात देतात. डॉक्टरांकडे अकराची वेळ घेतली की नऊला जाऊन कंपाउंडरला पंखे पुसायला लावतात. एकदा तर ते एका मयतीला इतक्या लवकर गेले होते की ज्यांची मयत होती ते म्हातारबाबा खाटेवर बसून पेज पीत होते. पुढे ते बाबा चार वर्षं जगले, आणि ते आपल्यामुळेच जगले असं दादांचं म्हणणं आहे.

ह्या सवयीचं मूळ जानोशात आहे. लग्नाला आलेली वरातीची मंडळी जिथे उतरते तो जानोसा. आमच्या वऱ्हाडात लग्न मोडलं तर लोक एखादवेळी विसरतील, पण जानोशात चहा उशिरा आला तर तीन पिढ्या सांगत बसतात. दादा ह्या शास्त्रातले अखेरचे पंडित. नात्यात, भावकीत, शेजारात कुठेही लग्न ठरलं की आचारी आणि मांडववाला ठरायच्या आधी दादांना निरोप जातो. त्यांच्या तीन कसोट्या आहेत. उतरल्या उतरल्या चहा मिळाला पाहिजे. नळाला पाणी पाहिजे, आणि ते स्वतः नळ सोडून बादली भरेपर्यंत उभे राहतात. तिसरी कसोटी अंतराची: वाजंत्रीची दोन गाणी संपायच्या आत मांडव आला पाहिजे. दादा अंतर पावलांत मोजत नाहीत, गाण्यांत मोजतात. माझ्या लग्नात माझा जानोसा त्यांच्याच ताब्यात होता. थोरले जावई म्हणून ते चार दिवस आधी येऊन बसले होते. मी नवरदेव, पण त्या दिवशी मला सासऱ्यांपेक्षा त्यांचीच भीती वाटत होती. बार्शीटाकळीच्या एका लग्नात शाळेच्या खोलीत गांधीलमाशांचं पोळं निघालं, तेव्हा दादांनी अर्ध्या तासात सगळी वरात जिनिंगच्या गोदामात हलवली. पाहुणे कापसाच्या ढिगावर झोपले. अशी झोप पुन्हा लागली नाही, असं त्यातले म्हातारे आजही सांगतात.

पण जानोशाचा हा सगळा थाट ज्या बाईच्या जिवावर उभा राहिला, ती माझी मोठी मेव्हणी. मी तिला अक्का म्हणतो. दादा पाहुण्यांना चहा पाजायचे, तो चहा अक्का करायची. लोकांच्या लग्नात चाळीस वर्षं ती चुलीपाशी होती, त्यामुळे लोकांच्या लग्नाचे फोटो पाहिले तर ती एकाही फोटोत नाही. ती कधी कुठे गेली नाही. घरात कुणी ना कुणी उतरलेलं असायचंच. तिची एकच इच्छा होती आणि ती तिने एकदा माझ्या बायकोला भाजी निवडता निवडता सांगितली होती: "मले समुद्र पाहाचा हाय. मराच्या आंधी एकदा. मंग काई नाई पाहिजे."

ती इच्छा कशी कोण जाणे त्यांच्या मुलीच्या कानावर गेली. मुलगी पुण्यात नोकरीला. तिने आईबापांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून, न विचारता, न सांगता, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजाची चार तिकिटं काढली. दोन त्यांची आणि दोन आमची, कारण बाबांना एकटीने आवरणं आईला झेपणार नाही असं तिला वाटलं. तिचा बेत सोपा होता. रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं आणि दुपारी जहाजावर चढायचं.

दादांनी तो बेत फोनवर ऐकला आणि पोरीचं बोलणं संपायच्या आधीच तो नापास केला. मग म्हणाले, "लगनाच्या दिवशी वरात पोचते काय वं? आंधी पोचते. अन् नवरी थांबते एकवेळ, जहाज नाई थांबत." पोरीने आकडेवारी सांगितली, गाड्या हल्ली वेळेवर येतात म्हणून सांगितलं, मुंबईत दोन दिवस काय करणार म्हणून विचारलं. दादांनी शांतपणे सांगितलं की जानोशात काही करायचं नसतं, जानोशात राहायचं असतं. मग गाडीचं तिकीट बदललं गेलं आणि आमची वरात दोन दिवस आधी निघायचं ठरलं.

पुढचा महिनाभर दादांनी मुंबईतल्या लॉजवाल्यांना जो छळ लावला, त्याचा मी साक्षीदार आहे. ते अकोल्याहून फोन करायचे आणि फोन उचलणाऱ्या त्या बिचाऱ्या माणसांना विचारायचे, नळ सोडून दाखवता का, आवाज ऐकू द्या. एकाला विचारलं, ओले टॉवेल वाळत कुठे घालायचे. एकाने आमच्याकडे स्विमिंग पूल आहे असं अभिमानाने सांगितलं, तर ते म्हणाले, "ते राहू द्या. तुमच्याकडून बंदर किती गाणे हाय?" तो माणूस गोंधळून फोन ठेवता झाला. पोरीने पाठवलेली चकचकीत हॉटेलं दादांनी एकामागून एक नापास केली. शेवटी बंदराजवळच्या एका जुन्या गल्लीतलं, रंग उडालेलं लॉज पास झालं, कारण तिथला मालक म्हणाला, उतरा, आधी चहा घ्या, मग रजिस्टर लिहू. दादांनी सगळा कार्यक्रम जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून काढला. घरात त्यांचा पत्रिकांचा गठ्ठा आहे आणि ते दुसऱ्या कशावरही लिहीत नाहीत.

मुंबईत पोचलो. चहा आला, नळाला पाणी आलं, आणि पहिला दिवस दादांच्या हुकमाप्रमाणे आम्ही झोपून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने हळूच विचारलं, समुद्र कधी? दादा म्हणाले, उद्या, जहाजावरून. आज इथून पाहून त्याला शिळा कशाला करतेस. माझी बायको चिडली. चौपाटी इतकी जवळ आणि आपण खोलीत बसून चिवडा खातोय, असं ती म्हणाली. अक्का मात्र उठली. तिने फक्त उद्या नेसायची नवी साडी एकदा पिशवीतून काढून पाहिली आणि परत ठेवली. मला त्या वेळी दादांचा खरंच राग आला.

दुपारी दादांचा हुकूम निघाला की आता मांडव पाहून यायचं. म्हणजे बंदर. चौघांनी जायचं, सगळे कागद बरोबर घ्यायचे, आणि चालत जायचं. दादा पुढे, ओठातल्या ओठात बँडची गाणी म्हणत, आणि मागे आम्ही. दुसरं गाणं संपता संपता फाटक आलं. भिंतीपलीकडे समुद्र होता, पण दिसत नव्हता. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, जहाज उद्या आहे, आज कुणाला सोडत नाही. दादांनी त्याचं गाव विचारलं, गावात पाऊस किती झाला विचारलं, मुलीचं लग्न ठरलं का विचारलं. दहा मिनिटांत तो पहारेकरी आत जाऊन जहाज कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीला बोलावून घेऊन आला. दादा तिला म्हणाले, आमची माणसं उद्या येतायत, तेव्हा तुमची धांदल असेल, कागद आजच पाहून घ्या. ती हसली. बहुधा अशी वरात तिने पाहिली नसावी. तिने गंमत म्हणून कागद हातात घेतले, एक पाहिला, दुसरा पाहिला, आणि तिसऱ्यावर तिचं हसू थांबलं.

तिकिटावर नाव होतं सुलोचना. आधार कार्डावर होतं कमल.

आम्ही सगळे अक्काकडे पाहू लागलो. गोष्ट अगदी साधी होती आणि आमच्या घरांतच घडणारी होती. अक्का माहेरची कमल. लग्न होऊन आली तेव्हा सासरी मोठ्या जावेचं नावही कमलच. एका घरात दोन कमला म्हणजे हाक एकीला आणि चहा दुसरीकडे. म्हणून मांडवात दादांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुलोचना लिहिलं आणि कमल तिथे संपली. रेशनकार्डावर सुलोचना चढली, मुलीनेही आईला जन्मभर सुलोचना म्हणूनच ओळखलं. फक्त आधारच्या वेळी शाळेचा जुना दाखला द्यावा लागला, आणि त्यातून कमल परत उगवली. पोरीने आश्चर्याची भेट म्हणून तिकीट काढलं, तेव्हा ती कार्ड मागणार कशी?

खिडकीवरची मुलगी भली होती, पण नियम नियम होता. यादी सहाला बंद होते, म्हणाली. ज्यांनी तिकीट काढलं त्यांनी स्वतः त्याआधी नाव बदलून द्यायचं. उद्या सकाळी काहीही करता येणार नाही, ह्या बाईंना जहाजावर घेता येणार नाही. मग तिने अक्काला अदबीने विचारलं की तुमचं खरं नाव कोणतं. अक्का म्हणाली, "माहेरची कमल हाय, सासरची सुलोचना. तुमच्या जहाजावर कोणती चालते ते सांगा, ते येते."

तेव्हा साडेचार वाजले होते. दादांनी पुण्याला पोरीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिची कुठलीशी मोठी मीटिंग आहे आणि ती संध्याकाळी सुटेल, हे तिने सकाळीच सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दादांचा चेहरा उतरलेला पाहिला. ते भिंतीला टेकून उभे होते आणि अक्काकडे पाहत नव्हते. अक्का त्यांना म्हणाली, राहू द्या, तुम्ही तिघं जा, मी लॉजवर थांबते, मला पायऱ्या तशाही चढवत नाहीत. हे ती अगदी सहज म्हणाली. चाळीस वर्षं ती असंच मागे थांबत आली होती.

त्या वाक्याने दादा पेटले. त्यांनी पिशवीतून घरून बरोबर आणलेला पत्रिकांचा गठ्ठा काढला; प्रत्येकीवर त्या घरच्यांचे फोन नंबर लिहिलेले होते. पुण्यात आपण ज्यांचा जानोसा सांभाळला अशी पोरं किती, हे ते बंदराच्या फाटकावर, पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून शोधू लागले. सात निघाली. पहिला दुबईला गेला होता. दुसऱ्याने उचलला नाही. तिसऱ्याने उचलला. दादा त्याला म्हणाले, "बाबू, तुह्या लगनात रात्रभर पाऊस आला व्हता, तुह्या आजीले कोरडी जागा मीच देली व्हती, आठोते? मंग आता ऊठ." तो पोरगा उठला. पोरीच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर होता, स्कूटर काढली, तिथल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घातली, आणि थेट मीटिंगमध्ये शिरून तिला म्हणाला की तुझ्या आईचं नाव बदलायचं आहे. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल ते देव जाणे. सहाला दहा मिनिटं कमी असताना खिडकीवरच्या मुलीने नवीन तिकीट छापून अक्काच्या हातात दिलं. पहारेकऱ्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोने, जी सकाळपासून दादांशी बोलत नव्हती, तिने तिथेच फाटकावर त्यांना वाकून नमस्कार केला. आणि पुण्याहून पोरीचा फोन आला, बाबा, तुमचंच बरोबर होतं, तेव्हा दादांनी फोनचा आवाज मोठा करून ते वाक्य तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दोन गाणी चालून गेलो आणि सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसलो. सकाळच्या गाडीने आलेले लोक धापा टाकत, घामाने निथळत, चुकलेल्या बॅगा शोधत येत होते. दादा त्यांना जागा दाखवत होते, पाणी कुठे आहे सांगत होते. दोघातिघांनी त्यांना जहाजाचा माणूसच समजून तिकिटं दाखवली, आणि दादांनी ती तपासलीही.

जहाज निघालं. अक्का कठड्याला धरून उभी राहिली. नवी साडी वाऱ्यावर फडफडत होती आणि समोर सगळं पाणीच पाणी होतं. ती हसत नव्हती की रडत नव्हती, नुसती पाहत होती. दादा आत जाऊन नळ सोडून आले, चहा वेळेवर येतो का पाहून आले, आणि माझ्याशेजारी खुर्चीत येऊन बसले. सगळं चोख होतं. त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, मास्तर, घरात दोन कमला होत्या म्हणून सोयीसाठी नाव बदललं मी. हिला विचारलं नव्हतं.  ती मोठी जाऊ वारून दहा वर्षं झाली होती. माझे सासू-सासरे, म्हणजे अक्काचे आईबाप, त्याच्याही आधी गेले. माझी बायको अक्का म्हणते, मीही तेच. कमल म्हणणारं आता जगात कुणी उरलेलं नव्हतं.

चहा आला तसे दादा उठले, दोन कप घेतले आणि मागून हाक मारली, "कमल." अक्काने पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा मारली, वरातीला मारतात तशी, चार लोकांनी वळून पाहावं अशी. तेव्हा ती वळली.

"कोणाले हाका मारून राहिले तुमी?"

"तुले."

ती कप घ्यायला पुढे आली नाही. कठड्याला धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अजून एकदा म्हना."

दादांनी म्हटलं. ह्या खेपेला अगदी हळू, मला जेमतेम ऐकू आलं.