कचऱ्यातली शिस्त ओळखणारे सबनीस सर

माधवराव सबनीस सरांच्या पंचाहत्तरीच्या अंकात मी लिहावं असं आमच्या जयपूरच्या मराठी मंडळाने सांगितलं, तेव्हापासून एकही तपशील चुकू नये याची मला धास्ती आहे. पण सांगायची गोष्ट इतकी आनंदाची आहे की आता राहवत नाही.

सरांची पहिली भेट झाली ती मुरलीपुऱ्यातल्या त्यांच्या घरी. सोबत आमचा जुना संगणक होता, चादरीत गुंडाळलेला. बाबा लष्करात, सतत बदल्या, त्यामुळे मला अक्षरओळख आईनेच घरी करून दिली. जयपूरला आल्यावर ती छावणीतल्या मराठी मुलांना गोष्टी सांगू लागली आणि त्या रेकॉर्ड करून ठेवू लागली. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा आवाज गेला. तो आता फक्त त्या गोष्टींत उरला होता.

रेकॉर्डिंग झालं होतं वेगळी प्रणाली असलेल्या एका दुसऱ्या संगणकावर. तो संगणक मोडल्यावर फाइली या जुन्या विंडोजवर आणल्या आणि आईने हौसेने दिलेली मराठी नावं विचित्र चिन्हांची झाली. फाइल उघडायला जावं तर उत्तर यायचं, सापडत नाही. मंडळाचे चिटणीस देशमुखकाका मदतीला धावले होते. सरांच्या दारातच ते म्हणाले, "व्हायरस आहे, सबनीसजी. मतलब, सगळं पुसून नवीन विंडोज टाकू, पोरीचा संगणक तरी वाचेल."

सर एका सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी पडदा नुसता पाहिला, बराच वेळ. मग मला जवळ बोलावलं.

"हे बघ. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला हा इंग्रजी ए. किती वेळा दिसतोय?"

"सारखाच दिसतोय, सर. दर दोन चिन्हांनंतर."

"मग हा कचरा नाही. कचऱ्याला शिस्त नसते."

देवनागरीचं प्रत्येक अक्षर आत तीन तुकड्यांत साठवलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. या जुन्या यंत्रणेला ते ठाऊक नव्हतं, म्हणून ती एकेक तुकडा स्वतंत्र अक्षर समजून वाचत होती. नाव बिघडलं नव्हतं, चुकीचं वाचलं जात होतं.

"म्हणजे व्हायरस नाही?" देशमुखकाकांनी विचारलं.

"नाही. आणि देशमुख, आता त्या माउसवरचा हात काढा."

लगेच दुरुस्तीला हात घालतील ते सर कसले. आधी त्यांनी संपूर्ण डिस्कची नक्कल केली. मूळ डिस्क त्याच चादरीत बांधून माझ्या हातात दिली. "माझी चूक झाली तरी ही शाबूत हवी. घरी ने, आईच्या उशाशी ठेव." मग नकलेवरचे तुकडे तीन-तीन करून पुन्हा जोडले. पहिलं नाव उमटलं, 'लाडू नको म्हणणारा उंट'. सरांनी फाइल सुरू केली आणि खोलीत आईचा आवाज आला. देशमुखकाका खुर्ची ओढून ऐकायला बसले.

एका नावातली काही अक्षरं मात्र खरोखरच गळाली होती. काका म्हणाले, "घाला अंदाजाने, कोण बघतंय?" सर म्हणाले, "ज्यांचा आवाज, त्याच नाव सांगतील." त्यांनी आईला घरी बोलावलं, स्वतः चहा केला. स्वतःचा आवाज ऐकताना आई आवाजाविना हसत होती, खांदे हलत होते. मग तिने ते नाव स्वतः टंकलं.

त्या दिवसापासून आई सरांच्या घरी जाते. मंडळातल्या बुजुर्गांच्या आठवणी सर रेकॉर्ड करतात, आई नावं देते. परवा तिने सरांपुढे टंकून ठेवलं, 'आता तुमचा नंबर.'

"माझं काय घाईचं आहे? मी कुठे चाललोय?" सर म्हणाले.

आईने त्याखाली टंकलं, 'कुठेच जायचं नाही.'

सरांच्या नावाचा फोल्डर तिने तयार केला आहे, शुद्ध मराठी नावाचा, अजून रिकामा. सरांनी तो सावकाश भरावा. निरोगी राहून, चहा पीत, आम्हाला रागावत, वर्षानुवर्षं भरावा. आणि आमच्या आईने दरवेळी टंकून सांगावं की सर, तुमचं अजून बरंच सांगायचं राहिलंय.