हिरव्या पडद्याची पायरी

जळगावहून सकाळच्या एसटीनं धुळ्याला निघालो. माझी बायको कमल गेल्यावरचा हा पहिलाच प्रवास. या रस्त्यानं मी तीस वर्षं केळीचा ट्रक नेला. गावांपेक्षा बारच जास्त पाठ.

एरंडोलच्या पत्र्याच्या बारात आता मोटारी धुतात. पारोळ्याच्या अलीकडे एका ठिकाणी बाजेवर बसवून पाजायचे. चौपदरी रस्ता झाला आणि ते बाजांसकट गेलं. शेजारी एक जोडपं एका डब्यातून कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खात होतं. बाई म्हणाली, "घ्या ना आबा." नको म्हटलं. खरं सांगतो, त्यांचं ते एका डब्यातलं खाणं मला बघवलं नाही. खिडकीकडं तोंड केलं.

धुळ्यात आग्रा रोडला 'हिरवा पडदा' शोधला. दाराला पडदा हिरवा, म्हणून आम्हा ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं नाव. तिथं मोबाइलचं दुकान निघालं. बारचे मालक नाना मात्र सापडले, वरच राहतात. खाली आले.

"बठ्ठं गयं, भाऊ (सगळं गेलं)," म्हणाले. "हा बार गेला, पलीकडचा कव्वालीचा बारही गेला. पण वहिनी यंदा अखाजीला (अक्षय तृतीयेला) आल्या नाहीत?"

"कोण वहिनी?"

"कमलवहिनी. दर अखाजीला माहेरी आल्या की मला सांजोऱ्या आणायच्या. बार बंद झाला तरी."

तिचं माहेर धुळ्याचंच. पण सांजोऱ्यांचं मला आजवर माहीत नव्हतं.

ती गेली, असं सांगितलं. नानांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "तुमच्या ट्रकपुढं दर वेळी दुसरी गाडी आडवी असायची, आठवतं? मी मुद्दाम लावायचो. त्यांनीच सांगितलं होतं, पिऊ द्या त्यांना, पण पिऊन गाडी काढू देऊ नका."

आणि मी या माणसाला गाडी लावायची अक्कल नाही म्हणून शिव्या घालत तिथंच झोपायचो!

"तुमच्या शिव्या मी करून दाखवायचो," नाना म्हणाले. "तोंडाला पदर लावून हसायच्या वहिनी. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर."

जीव वाचवला, ते उपकार कळले. पण माझ्यापुढं कमल कधी अशी हसली नाही. संसार माझ्याशी आणि हसणं याच्याशी?

"कुठं बसायची?"

"पडद्याच्या आत कधी आल्या नाहीत. ही पायरी. तेवढी शे अजून (आहे अजून)."

बसलो. दगड तापलेला होता. नाना शेजारी टेकायला लागले.

"तुम्ही उभे राहा," मी म्हटलं. "तुम्ही पुष्कळ बसलात."

राहिले बिचारे उभे, उन्हात.

दुपारच्या गाडीनं परतलो. घरी सुनेनं विचारलं, "आबा, काय पाहिलं धुळ्यात?"

"एक पायरी."

येत्या अखाजीला पुन्हा जाणार आहे. सुनेकडून सांजोऱ्या करवून नेईन. नानांनी त्या खाव्यात आणि कमल कशी हसायची, ते एकदा मला करून दाखवावं. मग बसू देईन त्यांना पायरीवर.