चार सेकंदांनी अकरावी

पोहायला मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले. त्याआधी गोदावरीत घोट्याच्या वर पाय बुडवल्याचंही आठवत नाही. त्यामुळे एकोणपन्नासाव्या वर्षी मी जाहीर केलं, की यंदा ट्रायथलॉनच्या हंगामात आमच्या वयोगटात पहिल्या दहांत यायचं, तेव्हा नवरा नुसता हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी फ्रीजवर एक कागद चिकटवला आणि दर शर्यतीनंतर सगळ्यांचे गुण मांडायला सुरुवात केली.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी चष्मा कपाळावर सरकवत त्या म्हणाल्या, "उद्या सहावी आलीस, तर हंगामात दहावी. सातवी आलीस, तर अकरावी. मधलं काही नाही."

शर्यत धरणाच्या बॅकवॉटरला होती. आधी साडेसातशे मीटर पोहणं, मग दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांमधून वीस किलोमीटर सायकल आणि शेवटी पाच किलोमीटर धावणं. पाण्यातून निघाल्यावर ओळीनं टांगलेल्या दीडदोनशे सायकलींतून आपली शोधावी लागते. मी सकाळीच खूण धरून ठेवली होती: माझ्या शेजारच्या सायकलीवर एक भडक लाल टॉवेल होता. ती सायकल देवळाली कॅम्पातल्या एका फौजीच्या बायकोची. वर्षभर आम्ही दोघी गुणांत एकमेकींच्या वरखाली होत होतो. भेटलो की हसायचो, एवढीच ओळख.

पोहणं झकास झालं. धावत बाहेर आले, तर लाल टॉवेल कुठंच दिसेना. एक रांग पालथी घातली, दुसरी घातली. कठड्यापलीकडून सासूबाई दोन्ही हात हलवत होत्या. मला वाटलं, शाबासकी देताहेत. मीही हात हलवला.

"अगं, हात काय हलवतेस! मागं बघ! तिसरी रांग!"

सायकल सापडेपर्यंत चांगलं अर्धं मिनिट गेलं असेल. पुढचा सगळा वेळ मी ते भरून काढत होते. चढावर दोघींना मागं टाकलं. धावताना शेवटच्या वळणावर देवळालीच्या बाईची पाठ दिसली, मग तिचा श्वासही ऐकू यायला लागला. तिनं एकदा मागं वळून पाहिलं आणि जी सुटली ती सुटलीच. ती सहावी आली. मी चार सेकंदांनी सातवी.

दम खाऊन झाल्यावर मी तिला विचारलं, "तुमचा तो लाल टॉवेल कुठं गेला हो?"

"पाय पुसले आणि टाकला खाली. का?"

कारण सांगितल्यावर ती हसता हसता मातीतच बसली. "अहो ताई, आधी सांगायचं ना! तसाच टांगून ठेवला असता."

तेवढ्यात सासूबाई आल्या. टॉवेलच्या खुणेचं ऐकून म्हणाल्या, "चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, मोजायचं तर स्थिर बिंदूपासून मोजावं. घरातल्या माणसाला सांगायचंच राहिलं!"

तिलाही आम्ही बरोबर घेतलं आणि तिघी मिसळ खायला गेलो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तर्री तिखट आहे, असं मी म्हटलं. वर्षभर पहाटे साडेचारला उठले होते, आणि चार सेकंद म्हणजे किती, हे कुणाला सांगून कळणार नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पापड मोडत विचारलं, "पुढच्या वर्षी तुला पन्नास ना?"

"आई, आता वय कशाला काढता?"

"अगं, पन्नास ते चोपन्नचा गट वेगळा. त्यात तू सगळ्यांत लहान!"

मी हातातला पाव खाली ठेवला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि मी?" देवळालीची म्हणाली. "मला तर अजून चार वर्षं याच गटात काढायचीत." असं म्हणून तिनं माझ्या ताटातला पापड उचलला.