नमुन्याचा रांजण

जाम गावच्या मोटार स्टँडवर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी रांजण ठेवायचे, असं टेंडर मोटारींच्या सरकारी खात्यानं काढलं. आम्ही कुंभार. नोटीस वाचून वाटलं, हे काम तर आपलंच. अट एवढीच, की नमुन्याचा रांजण नागपूरच्या ऑफिसात स्वतः आणून द्यायचा.

बायकोला घेऊन मी त्याच खात्याच्या मोटारीत चढायला गेलो, तर कंडक्टरनं दार अडवलं.

"मातीचं भांडं चढत नाई. नियम आहे."

"अरे, तुमच्याच ऑफिसानं मागवलं ना!"

"मंग रांजण चढू द्या असा कागद दाखवा."

मी नोटीस दाखवली. त्यानं ती उलटीसुलटी करून परत दिली अन् घंटी मारली. शेवटी संत्र्यांच्या ट्रकात मागे बसून निघालो. बायको वाटभर रांजणाला मिठी मारून होती.

ऑफिसात बाबू म्हणाला, "नमुना सीलबंद पाहिजे."

"रांजणाले सील कसं करू जी?"

"तोंड बांधा, लाख लावा."

भर उन्हात बाजार हिंडून कापड अन् लाख आणली, सील केलं. रांजण आतल्या खोलीत नेला, तर साहेबांनी तेच सील तोडून रांजणात पाणी भरायला लावलं. आम्ही उभेच. हळूहळू रांजण बाहेरून ओलसर झाला. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हा गळतोय."

"पाझरून राह्यला साहेब," बायको म्हणाली. "पाझरला नाई तं पाणी थंड कसं होईन?"

"ते मला ठाऊक आहे, बाई. माझ्या घरीही रांजणच आहे. पण भांडं गळकं नसावं, अशी अट आहे."

"मंग अट बदलवा."

"ती मी घातलेली नाही." अन् त्यांनी आमचं टेंडर नामंजूर केलं.

त्या वर्षी स्टँडवर लोखंडी पिंपं आली. वैशाखात त्यांतलं पाणी इतकं तापायचं, की लोक घोट घेऊन थुंकायचे. मी नुसता चडफडायचो.

श्रावणात पुढच्या उन्हाळ्यासाठी पुन्हा टेंडर निघालं. आता लिहिलं होतं, भांडं गळकं नसावं आणि पाणी थंड राहावं. मी बायकोला वाचून दाखवलं. ती चिखल मळत होती.

"काऊन वाचता असलं?" ती चिडून म्हणाली. "पाणी टाका इकडं, माती सुकून राह्यली."

मी पाणी टाकलं. टेंडर मात्र पुन्हा भरलं नाही.